स्लॅब भरायच्या आधी वायरिंगचा नकाशा मागा

बदलापुरात कात्रप-शिरगावच्या बाजूने किंवा पश्चिमेला बेलवलीकडे फिरलं, की नव्या इमारतींच्या फलकांवर जिम आणि क्लबहाउसच्या जोडीला ‘स्मार्ट होम’ हे शब्द हमखास दिसतात. अंबरनाथलाही तेच. सँपल फ्लॅटमध्ये विक्रीचं काम बघणारा मुलगा मोबाइल काढतो, हॉलचे दिवे मंद करतो, पडदा सरकवतो, एसी चालू करतो. घर बघायला आलेलं कुटुंब हरखून जातं. आयुष्यभराची कमाई जिथे घालायची, तिथे माणसाने हरखावंच. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी वायरिंगची कामं घेतो, आणि माझ्या गिऱ्हाइकांना कळकळीने सांगत असतो, की त्या वेळी मोबाइलकडे नका बघू, भिंतीकडे बघा. बोर्डामागची पेटी किती खोल आहे, तिच्यात न्यूट्रल आणली आहे का, रिकामा पाईप कुठून कुठवर गेला आहे, हे विचारा. उत्तर सहसा मिळत नाही, कारण कुणी ते कागदावर उतरवलेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बिल्डरने घराच्या किल्लीबरोबर त्या घराच्या वायरिंगचा नकाशा दिला पाहिजे, आणि स्लॅब भरायच्या आधी तो घर घेणाऱ्याला दाखवलाही पाहिजे. स्मार्ट उपकरणं चार-पाच वर्षांत जुनी होतात. भिंतीतली वायर पंचवीस-तीस वर्षं राहते आणि स्लॅबमधला पाईप इमारत पाडेपर्यंत. जे सगळ्यात जास्त टिकणार, त्याचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी होतो.

“काका, आता सगळं वायरलेस आहे, पाईप कशाला वाढवायचे?” असं तरुण मुलं विचारतात. हुकूम हवेतून जातो, हे खरं. पण दिव्याला, पंख्याला, पडद्याच्या मोटरला वीज वायरनेच पोहोचवावी लागते, आणि हुकूम ऐकणाऱ्या त्या छोट्या मॉड्यूललाही चोवीस तास वीज लागते. साधं बटण फक्त फेज तोडतं आणि जोडतं, त्याला न्यूट्रल लागत नाही. मॉड्यूलला लागते. ज्या बोर्डावर पाच अँपिअरचा सॉकेट आहे, तिथे न्यूट्रल असतेच. पण पलंगाजवळचं टू-वे बटण, बाथरूमबाहेरची नुसती बटणं, जिन्यातला बोर्ड, अशा ठिकाणी ठेकेदार ती वाचवतो. एखाद्या टू बीएचकेत अशा सगळ्या पेट्यांपर्यंत न्यूट्रल न्यायची म्हटली, तर माझ्या अंदाजाने नव्वद मीटरच्या एका बंडलात भागतं. एवढ्या वायरसाठी पुढची सगळी दारं बंद होतात.

बाजारात न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही मिळतात. ती दिवा बंद असतानाही दिव्यातूनच थोडासा प्रवाह घेऊन जिवंत राहतात. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा प्रवाहाने काही होत नसे. आताचा पाच वॅटचा एलईडी तेवढ्यावर मिणमिणतो, रात्रभर लुकलुकतो. मग घरचे म्हणतात, बल्ब खराब आहे. बल्ब बदलतात. पुन्हा तेच.

याहून वाईट म्हणजे शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेणं. मॉड्यूल बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, जवळच्या बोर्डातून मिळेल ती न्यूट्रल ओढतो, दिवा लागतो, पैसे घेऊन तो जातो. आरसीसीबीचं काम फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून बघण्याचं. दोन्हींत तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, की ती वीज तोडते. माणसाला शॉक बसला तर जीव वाचतो तो याच हिशेबामुळे. घरात दोन आरसीसीबी असतील, किंवा इन्व्हर्टरची लाइन वेगळी असेल, आणि प्रवाह एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतला, तर आरसीसीबी विनाकारण पडत राहते. कंटाळून कुणीतरी ती काढून टाकतं किंवा बायपास करतं. सोयीसाठी आणलेल्या एका बटणापायी घरातलं जीव वाचवणारं यंत्र निकामी होतं. याची मला मनापासून धास्ती वाटते, आणि म्हणूनच वर्तमानपत्रात एवढं सविस्तर लिहावंसं वाटलं.

ही सगळी यातायात हवी कशाला, असंही कुणी म्हणेल. आपल्या भागापुरतं मला त्याचं उत्तर नीट माहीत आहे. बदलापूरहून मुंबई सीएसएमटी ६८ किलोमीटर. नवरा-बायको दोघंही पहाटेची नाहीतर सकाळची लोकल पकडतात आणि रात्री घरी येतात. दिवसभर घरात सत्तरीतले आई-वडील एकटे. गीझर चालू राहिला का, बाबा रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना पडले तर, आईने दार कुणाला उघडलं, ही काळजी त्या मुलासुनेच्या डोक्यात विठ्ठलवाडीपासून दादरपर्यंत असते. रंगीत दिव्यांच्या खेळात मला रस नाही. पण पॅसेजमध्ये जमिनीपासून फूटभर उंचीवर एक मंद दिवा, माणसाची चाहूल लागताच लागणारा, पलंगाजवळ हाताला येईल असं मदतीच्या घंटीचं बटण, दाराबाहेरचा कॅमेरा, कामावरून बंद करता येईल असा गीझर, या चार गोष्टी मी म्हाताऱ्या माणसांच्या प्रत्येक घरात करायला सांगतो. चारहींना आधी ठरवलेली वायर लागते. पॅसेजमध्ये फूटभर उंचीवर पॉइंट कुठलाच बिल्डर आपणहून देत नाही. दाराच्या चौकटीशी घंटीची दोन वायरींची बारीक नळी असते, तिच्यातून नेटवर्कची केबल जात नाही. गीझरचा पॉइंट सोळा अँपिअरचा. त्याच्यामागे दहा अँपिअरचं स्वस्त मॉड्यूल बसवलं तर ते तापून वितळतं. तिथे कॉन्टॅक्टर लावावा लागतो आणि तो डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) बसतो, म्हणजे डीबीत आधीपासून जागा सोडलेली हवी.

पंख्यांचंही असंच. साधा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आत. घरोघर आता तेच लागताहेत आणि ते चांगलंच आहे. पण या पंख्याला वेग कमी-जास्त करायची सोय स्वतःच्याच पोटात असते. त्याला जुन्या रेग्युलेटरवर किंवा स्मार्ट डिमरवर घातलं, तर त्याचं सर्किट जातं. त्याला सरळ, न कापलेली वीज हवी. कुठल्या खोलीत कुठला पंखा, हे वायर ओढायच्या आधी ठरलेलं बरं.

घर आपोआप चालवायची हौस नवी आहे असं लोकांना वाटतं. आपल्या सोसायट्यांत ती कधीचीच आलेली आहे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. पाणी इथे ठरावीक वेळी येतं. खालची टाकी भरली की पंप चालू, वरची भरली की बंद, यासाठी लेव्हल कंट्रोलर बसवतात. उत्तम गोष्ट आहे. आता कुठल्याही सोसायटीत जाऊन बघा. गच्चीपासून तळमजल्यावरच्या पंपापर्यंत सेन्सरची वायर पावसाच्या पाण्याच्या पाईपला सुतळीने बांधून खाली सोडलेली असते. उन्हाने तिचं आवरण तडकतं, जूनच्या पहिल्या सरीत तिच्यात पाणी शिरतं, आणि टाकी ओसंडून वाहत असताना पंप चालूच राहतो, नाहीतर कोरडा फिरून जळतो. मग दोष कंट्रोलरला. चार मजले उतरणारा एक पाईप बांधकामाच्या वेळी टाकला असता, तर हे झालं नसतं. तो का टाकला नाही, ते सांगतो.

आपल्याकडे वायरिंगची मजुरी पॉइंटप्रमाणे ठरते. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. रिकाम्या पाईपच्या टोकाला पॉइंट नसतो, म्हणून त्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो कुणी टाकत नाही. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी आमची माणसं सळयांच्या दोन जाळ्यांमध्ये पाईप बांधत असतात. सेंट्रिंगवाला घाई करत असतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी येणार असते. जॉइंटला सोल्यूशन लावायचं राहतं, पाईपवर कुणाचा तरी पाय पडतो, व्हायब्रेटरचा धक्का बसतो, आत सिमेंटचं पाणी शिरून बसतं. कळतं केव्हा, तर काही महिन्यांनी वायर ओढताना, जीआय तार अर्ध्यात अडते तेव्हा. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यातली कित्येक अंबरनाथच्या आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पुरा करून आलेली असतात, हातात कसब असतं. पण त्यांच्या हातात नकाशा नसतो, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे नसतात. रिकाम्या पाईपलाही पॉइंटसारखाच दर लावा, स्लॅब भरल्यावर सेंट्रिंग निघताच प्रत्येक पाईपमधून तार घालून बघण्याची मजुरी द्या, आणि मग कामात किती फरक पडतो ते बघा.

हे मी एवढ्या निकराने सांगतो, कारण आता नंतर सुधारायची सोयच उरलेली नाही. पूर्वी विटांच्या भिंतीत कटरने झिरी मारून पाईप घालता यायचा. नव्या टॉवरांत मिवान पद्धतीने बांधकाम होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे भरले जातात. त्या भिंतीच इमारतीचा भार वाहतात, त्यांना झिरी मारायची नाही. भरण्याच्या दिवशी जो पाईप आत गेला तो गेला, राहिला तो कायमचा राहिला. शिवाय काँक्रीटच्या या भिंतींतून वायफायही नीट जात नाही. हॉलमधला राउटर मागच्या खोलीत पोहोचत नाही, आणि मग तिथलं स्मार्ट बटण कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. हॉलच्या कोपऱ्यातून घराच्या मधोमध छतापर्यंत नेटवर्कच्या केबलसाठी एक वेगळा पाईप असेल, तर तिथे दुसरा राउटर बसवता येतो. हा पाईप विजेच्या पाईपपासून फूटभर लांब ठेवावा, आणि ओलांडायचाच झाला तर काटकोनात ओलांडावा.

उल्हासनगरची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि तिथे माझा सल्लाही उलट असतो. १९४९ साली नाव मिळालेलं हे शहर मुळात लष्करी छावणीच्या बराकींत वसलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्याच बराकींना भिंती जोडत, मजले चढवत घरं केली. तिथल्या जुन्या घरांत मी लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेलं वायरिंग काढलं आहे, त्यावर नंतर केलेलं केसिंग-कॅपिंग काढलं आहे, आणि त्यानंतर भिंतीत गाडलेलंही. एकाच घरात तिन्ही पिढ्यांचं काम सापडतं, अर्थिंग मात्र कशालाच नसतं. नंतर उभ्या राहिलेल्या पाच-पाच मजली इमारतींची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. अशा इमारतीत स्मार्ट घराची हौस म्हणून छताला आणि बीमला झिऱ्या मारणं हा अपराध आहे, असंच मी म्हणेन. गिऱ्हाईक कितीही म्हणो की उघडी पट्टी दिसायला वाईट दिसते. भिंतीवरून नीट, सरळ रेषेत नेलेलं केसिंग-कॅपिंग वाईट दिसत नाही. तिथे बॅटरीवर चालणारे सेन्सर वापरा, बटणं आहेत तिथेच ठेवा, आणि जो पैसा झुंबरांवर आणि रंगीत पट्ट्यांवर जाणार आहे, तो आधी अर्थिंगवर आणि आरसीसीबीवर घाला. अर्थिंग नसलेल्या घरात मी एकही स्मार्ट वस्तू बसवत नाही. त्यावरून कामं हातची जातात, जाऊ देत.

पावसाळा हा आमच्या भागातला वेगळाच हिशेब आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तर देशाने पाहिलं. त्या पाण्यात हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागातली तळमजल्याची घरंही गेली. नदीकाठच्या तळमजल्यावर डीबी छातीच्या वर असली पाहिजे आणि खालच्या सॉकेटांचं सर्किट वेगळं असलं पाहिजे. पाणी उंबऱ्याशी आलं की तेवढी एक एमसीबी खाली पाडायची, वरचे दिवे चालू राहतात आणि सामान हलवता येतं. स्मार्ट घराचा हबदेखील माळ्यावर, जमिनीलगत टीव्हीच्या कपाटात नको.

वीज जाते-येते ते तर रोजचंच आहे. भारनियमनाच्या काळात घेतलेले इन्व्हर्टर अजून घरोघरी आहेत. त्या इन्व्हर्टरच्या लाइनवर काय घ्यायचं, हेही नकाशात ठरवायचं असतं. बहुतेक घरांत त्या लाइनवर एक दिवा आणि एक पंखा असतो, राउटर मात्र नसतो. लाइट गेली की नेट जातं, आणि नेटच्या भरवशावर असलेलं सगळं घर मुकं होतं. मॉड्यूलमध्ये आणखी एक गोष्ट आधी बघून घ्यावी, वीज परत आल्यावर ते काय करतं. काही मॉड्यूल आपोआप चालू होतात. पहाटे तीनला लाइट आली, की घरभर दिवे लागून म्हातारी माणसं दचकून उठतात. ‘आधी होतं तसंच राहा’ अशी सोय बऱ्याच मॉड्यूलमध्ये असते, ती बसवतानाच लावून घ्यावी लागते.

नेट असो वा नसो, भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. हा नियम मी कधी मोडत नाही. परदेशातली दोन उदाहरणं देतो. रिव्हॉल्व्ह नावाचा घर चालवणारा हब नेस्ट या कंपनीने विकत घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवाच बंद केली. पैसे मोजून घेतलेला हब निव्वळ डबा झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि हजारो घरांतलं अ‍ॅप एका रात्रीत निरुपयोगी झालं. त्यातल्या ज्या घरांत भिंतीवरची बटणं होती, तिथले दिवे तरी लागत होते. म्हणून मॉड्यूल बटणाच्या मागे बसवा, बटणाच्या जागी नको. पेटी साठ मिलिमीटर तरी खोल घ्या, म्हणजे मॉड्यूल आणि वायरी आत कोंडल्या जाणार नाहीत, तापणार नाहीत. आज बसवलेलं मॉड्यूल पुढे मेलं, तर ते काढून दोन वायरी जोडल्या की घर पूर्वीसारखं साधं चालतं. युरोपात केएनएक्स म्हणून एक पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक बटणापर्यंत हिरवी केबल वेगळी नेतात आणि सगळं घर कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतं. मजबूत आहे, पण महाग आहे. आमच्या भागातल्या वन आणि टू बीएचकेला तिची गरज नाही. तिची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे, कारण तिथे आधी नकाशा होतो, मग वायर पडते.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर बिल्डरने तो जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. वायरिंग त्यातच येतं. पण अडलेला पाईप, गायब न्यूट्रल हा दोष आहे हे सिद्ध कशावरून करणार? विक्रीच्या कराराला जोडलेल्या यादीत टाइल्स कुठल्या, नळ कुठले, दरवाजा कुठल्या लाकडाचा हे लिहिलेलं असतं. विजेबद्दल ‘चांगल्या प्रतीचं कन्सील्ड वायरिंग’ एवढंच. त्या एका ओळीच्या जागी एक पान हवं. प्रत्येक पेटी कुठे, किती खोल, तिच्यात कोणत्या वायरी, किती जाडीच्या. कुठली आरसीसीबी कुठल्या खोल्यांची. रिकामे पाईप कुठून कुठे. अर्थिंगचा खड्डा कुठे आणि त्याची मोजणी केव्हा झाली. आमचा हा भाग काळ्या कातळाचा आहे, एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की पावसाळ्यात छान लागलेलं अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मोजणी उन्हाळ्यातली हवी.

ज्यांच्या इमारतीचं काम अजून चालू आहे त्यांनी बिल्डरला लेखी कळवून आपल्या मजल्याच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर जावं. हेल्मेट घालून, इंजिनिअरबरोबर. मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक खोलीतल्या पाईपांचे फोटो काढावेत आणि ते घरातल्या सगळ्यांकडे पाठवून ठेवावेत. पुढे पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारतानाही ते फोटो कामाला येतात. आणि उल्हासनगरात ज्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत, त्यांनी चटई क्षेत्र, भाडं आणि पार्किंग यांच्या चर्चेत या एका पानासाठी अर्धा तास काढावा. सही व्हायच्या आधी ते पान कराराला जोडलेलं असू द्या. वाचून समजलं नाही तर आपल्या ओळखीच्या कुठल्याही परवानाधारक वायरमनला दाखवा, तो बसून समजावून सांगेल.